तोलाचा काटा आणि त्याची जागा

सुगी संपून माल खळ्याबाहेर पडला की शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत काही क्षणांपुरती एका काट्यावर येऊन उभी राहते. बी, खत, पाणी व मजुरी यांचा हिशेब त्याने महिनोन्महिने ठेवलेला असतो. परंतु पोते काट्यावर चढले की पुढचे काम दुसऱ्याच्या हाती जाते. भावाबाबत घासाघीस करता येते. तोलाबाबत मात्र काट्याने दाखविलेला आकडा निमूटपणे मान्य केला जातो. याचे कारण भित्रेपणा नव्हे. काटा आतून काय करतो हे ठाऊक नसल्यामुळे नेमके बोट कोठे ठेवावे हेच पुष्कळांना उमगत नाही.

वस्तुतः तोलाचे मर्म फार गूढ नाही. पारडे एका ठराविक जागी आणावयाचे, तेथे स्थिर करावयाचे आणि तेथे धरून ठेवण्यास काय लागले ते मोजावयाचे, एवढाच तोलाचा अर्थ आहे. किराणा दुकानातल्या तराजूत हे काम लोखंडी वजने करतात. प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूत ते विजेचा प्रवाह करतो. जगातील सर्वांत अचूक तराजूत तर पारड्याची जागा प्रकाशाच्या लाटांनी मोजली जाते. साधने निरनिराळी असली तरी ‘जागा’ हीच सर्वांची कसोटी आहे. जेथे ती ढळते तेथे तोल चुकतो, आणि बहुतेक वेळी तो माल विकणाऱ्याच्या विरुद्ध चुकतो.

तराजूची दांडी

दोन पारड्यांच्या तराजूत पोलादाच्या तीन धारा असतात. मधल्या धारेवर दांडी टेकते आणि टोकांच्या दोन धारांवर पारडी लोंबतात. दांडीला जोडलेला काटा मध्यावर आला म्हणजे दांडी आडवी झाली. यात कारागिराचे खरे कौशल्य असे की दांडीचा गुरुत्वमध्य मधल्या धारेच्या किंचित खाली राहिला पाहिजे. तो फार खाली गेल्यास तराजू आळशी होतो. मूठभर धान्य अधिक टाकले तरी काटा जागचा हलत नाही. तो धारेच्या वर गेला तर दांडी एका बाजूला कोसळते व समतोल साधतच नाही. धारा गंजल्या किंवा बोथट झाल्या म्हणजेही तराजू असाच सुस्त होतो. काटा मध्यावर असताना एका पारड्यात मूठभर धान्य टाकून पाहावे. काटा लगेच कलला तर तराजू जागा आहे असे समजावे.

दांडीच्या दोन भुजा समान असणे ही दुसरी अट होय. बैलजोडीत एक बैल अशक्त असला तर जुवाची त्याच्याकडची बाजू थोडी लांब ठेवतात, म्हणजे त्याच्या वाट्याला ओढ कमी येते. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तराजूतही हाच नियम चालतो. माल ज्या भुजेला टांगला ती भुजा आखूड असेल, तर मालाचे वजन कमी भरते. भुजा अर्ध्या मीटरच्या असून त्यांत अवघ्या १ मिलिमीटरचा फरक असला तरी क्विंटलमागे २०० ग्रॅमची तफावत पडते. मिलिमीटरचा हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भुजा असमान असल्या तरी हलक्या बाजूला थोडा पासंग लावून रिकामा तराजू अगदी आडवा राखता येतो. म्हणून रिकाम्या तराजूचा काटा मध्यावर दिसतो एवढ्यावरून तो तराजू खरा ठरत नाही. माल व वजने यांची पारडी बदलून पुन्हा तोलणे, हाच त्यावरचा सोपा पडताळा आहे. दोन्ही वेळा काटा मध्यावर राहिला तर भुजा समान आहेत. एका बाजूने ४० किलो ४०० ग्रॅम व दुसऱ्या बाजूने ३९ किलो ६०० ग्रॅम भरले, तर खरे वजन त्या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे ४० किलोच्या आसपास आहे असे धरावे. ‘दांडी मारणे’ हा शब्दप्रयोग आज शाळा चुकविण्यापुरता उरला असला तरी त्याचे मूळ तराजूच्या दांडीतच आहे.

बोर्दाची युक्ती

भुजा असमान असलेल्या तराजूवरही अचूक तोल करण्याची एक युक्ती फ्रान्समधील शास्त्रज्ञ झाँ-शार्ल द बोर्दा (१७३३–१७९९) यांच्या नावाने ओळखली जाते. तिला कोणतेही खर्चाचे साधन लागत नाही. माल एका पारड्यात ठेवावा. दुसऱ्या पारड्यात वाळू किंवा दगड टाकून काटा मध्यावर आणावा. मग वाळूला हात न लावता माल काढून घ्यावा आणि त्याच पारड्यात, मालाच्या जागी, शिक्का असलेली प्रमाणित वजने ठेवीत जावे. काटा पुन्हा त्याच जागी आला की जेवढी वजने लागली तेवढे मालाचे वजन.

यात भुजांचा दोष आपोआप गळून पडतो, कारण माल आणि वजने दोन्ही एकाच भुजेला, एकाच पारड्यात, एकाच जागी बसलेली असतात. वाळूचे वजन किती हे कळण्याची आवश्यकताच राहत नाही. तराजूने एवढेच सांगावयाचे असते की ‘पहिल्या वेळी मी जेथे होतो तेथेच आता आहे.’ तराजू खोटा असला तरी एवढी साक्ष तो खरी देतो. प्रमाणित किलोग्रॅमची दुसऱ्या किलोग्रॅमशी तुलना करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळाही आजतागायत याच तत्त्वाचा आश्रय घेतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इलेक्ट्रॉनिक काटा आत काय करतो?

बाजार समितीत व व्यापाऱ्यांच्या दुकानांत आता इलेक्ट्रॉनिक काटे सर्रास दिसतात. त्यांच्या तक्त्याखाली लोड सेल नावाचा धातूचा ठोकळा बसविलेला असतो. माल ठेवला की हा ठोकळा अतिशय थोडा, मिलिमीटरच्या अंशाएवढा, वाकतो. त्यावर चिकटविलेल्या बारीक धातूच्या पट्ट्या त्याबरोबर ताणल्या किंवा दाबल्या जातात, त्यांतून वीज वाहण्यास होणारा विरोध बदलतो आणि त्या बदलावरून आकडा ठरतो.

तराजूत व या काट्यात मूलभूत फरक आहे. तराजू समोरच्या पारड्यातील वजनांशी मालाची तुलना करतो. लोड सेलचा काटा मात्र माल किती जोराने खाली दाबतो तेवढेच पाहतो व पूर्वी जुळवून दिलेल्या मापावरून वजन सांगतो. म्हणून तक्ता कसा बसला आहे, तो मोकळा आहे किंवा नाही आणि काटा देशाच्या कोणत्या भागात आहे, या तिन्ही गोष्टींचा त्यावर परिणाम होतो.

प्रथम तक्त्याची समपातळी. काटा उतारावर असला की मालाचा सर्व भार तक्त्याला काटकोनात पडत नाही. त्याचा काही अंश उताराच्या दिशेने निसटतो. एक मीटर लांबीत ५ सेंटीमीटर उतार असेल तर क्विंटलमागे सुमारे १२५ ग्रॅम कमी दिसतात. उतार १० सेंटीमीटर झाला तर तूट सुमारे ५०० ग्रॅम होते. म्हणजे उतार दुप्पट झाला की तूट चौपट होते. समपातळीवर जुळविलेला काटा कोणत्याही बाजूला कलंडला तरी आकडा घटतच जातो. कलल्यामुळे तो कधी वाढत नाही. पुष्कळ काट्यांवर पाण्याच्या बुडबुड्याची एक लहान डबी असते. बुडबुडा वर्तुळाच्या मध्यावर आणण्यासाठी काट्याच्या पायांना फिरकीचे स्क्रू दिलेले असतात. खळ्यावर किंवा शेताच्या बांधावर तोल होत असेल तर पोती चढविण्यापूर्वी या डबीकडे एकदा पाहावे.

दुसरी गोष्ट मोकळीक. लोड सेल अंशमात्र वाकावा लागतो, तेव्हाच तो भार सांगू शकतो. तक्ता व खालची चौकट यांच्यामध्ये खडा, चिखलाचा गोळा किंवा धान्याची मूठ अडकून बसली, तर भाराचा काही भाग त्या अडथळ्यातून थेट जमिनीत उतरतो व तो मोजलाच जात नाही. भुईकाट्याच्या कडेला साचलेली माती हेच करते. असा काटा रिकामा असताना शून्य दाखवू शकतो. भार चढला म्हणजे मगच तक्ता खाली येऊन खड्यावर टेकतो. यास्तव नुसते शून्य पाहून समाधान मानू नये. एक पोते प्रथम मध्यावर व मग चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. पाचही वेळा आकडा सारखाच, फार तर एखाद्या पायरीने इकडेतिकडे, आला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यावर तो घटला तर त्या बाजूला वाकून पाहावे.

तिसरी बाब गुरुत्वाकर्षणाची. पृथ्वी सर्वत्र सारख्या जोराने ओढीत नाही. विषुववृत्ताजवळ ओढ किंचित कमी असते व ध्रुवांकडे वाढत जाते. कन्याकुमारीला जुळविलेला लोड सेलचा काटा दिल्लीस नेऊन तसाच वापरला तर तो क्विंटलमागे सुमारे १०० ग्रॅम जास्त दाखवील. दोन पारड्यांच्या तराजूला ही बाधा होत नाही, कारण तेथे माल व वजने दोहोंवरची ओढ एकदमच बदलते. दूरच्या प्रांतातून आणलेला काटा वापराच्या ठिकाणी पुन्हा जुळवून घेणे म्हणूनच अगत्याचे असते.

काट्यावरील पाटी

प्रत्येक प्रमाणित काट्यावर एक लहान पाटी असते. तिच्यावर ‘मॅक्स’, ‘मिन’ आणि इंग्रजी ‘ई’ या अक्षरापुढे आकडे दिलेले असतात. मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त भार, मिन म्हणजे कमीत कमी भार आणि ई म्हणजे तोलाची पायरी. व्यापारी वापराच्या सर्वसाधारण काट्यांत मिन हा पायरीच्या वीसपट असतो. पायरी ५० ग्रॅमची असेल तर त्या काट्यावर १ किलोहून कमी माल तोलू नये. भुईकाट्याची पायरी १० किलोची असेल तर २०० किलोंच्या आतला भार त्यावर तोलणे गैर होय. तरीही चार पोती मिरची भुईकाट्यावर तोलून मोकळे होणारे लोक आढळतात.

कायद्याने प्रत्येक काट्यास काही चूक क्षम्य मानली आहे. ५० ग्रॅम पायरीच्या काट्यावर ५० किलोंचे पोते ठेवले तर पडताळणीच्या वेळी एका पायरीपर्यंत व प्रत्यक्ष वापरात दोन पायऱ्यांपर्यंत, म्हणजे १०० ग्रॅमपर्यंत फरक चालतो. तेव्हा दोन काट्यांत ५० ग्रॅमचा फरक दिसला म्हणून लगेच लबाडीचा आरोप करणे योग्य नव्हे. तोच फरक ५०० ग्रॅम झाला तर मात्र गप्प बसण्याचे कारण नाही.

पारडे हलू न देणारा तराजू

माती परीक्षण किंवा बियाणे परीक्षण प्रयोगशाळेत गेल्यास काचेच्या पेटीत ठेवलेला एक तराजू दिसतो. ग्रॅमचा दहा हजारावा भाग तो सहज दाखवितो. असे बहुतेक तराजू लोड सेलच्या नेमके उलट वागतात. लोड सेल भाराखाली वाकतो व किती वाकला ते सांगतो. हा तराजू पारड्याला वाकू वा सरकू देतच नाही.

त्याच्या आत एक लहान दिवा, एक बारीक फट आणि प्रकाश ओळखणारे दोन डोळे असतात. पारडे अणुमात्र खाली गेले की फट सरकते, एका डोळ्यावर प्रकाश जास्त व दुसऱ्यावर कमी पडतो. त्याच क्षणी चुंबकात बसविलेल्या तारेच्या वेटोळ्यातून वाहणारी वीज वाढविली जाते आणि चुंबकाच्या जोराने पारडे पूर्वीच्या जागी परत येते. हे सर्व इतक्या त्वरेने घडते की पाहणाऱ्यास पारडे हलल्याचे कळतही नाही. पारड्याला त्याच्या जागी धरून ठेवण्यास जेवढी वीज लागली, तेवढे वजन. बैलाला दाव्याने बांधून दावे किती ताणले ते पाहणे वेगळे, आणि बैलाला एका जागी उभा धरण्यास किती जोर लागतो ते पाहणे वेगळे. दुसऱ्या रीतीत दाव्याचे गुणदोष हिशेबात येत नाहीत. तद्वतच पारडे एकाच जागी राहिल्यामुळे सांध्यांचा ताण किंवा चुंबकाच्या जोरातील जागोजागचा कमीजास्तपणा तोलात शिरत नाही.

अशा तराजूला वाऱ्याची झुळूक, टेबलाचा धक्का किंवा काचेचे उघडे दारसुद्धा सहन होत नाही. मातीचा नमुना देऊन लगेच निकाल मागणाऱ्यांना प्रयोगशाळेतील मंडळी थांबावयास सांगतात, त्यामागे हेही एक कारण असते.

किलोग्रॅमची नवी व्याख्या

ही धरून ठेवण्याची कला सर्वांत पुढे गेली ती किलोग्रॅमच्या व्याख्येसाठी. १८८९ पासून जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळील सेव्र येथे कुलुपात ठेवलेला प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक नळकांड्यासारखा ठोकळा होता. त्याच्या प्रतिकृती निरनिराळ्या राष्ट्रांना देण्यात आल्या. भारताकडील ५७ क्रमांकाची प्रतिकृती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पुढे तुलना करून पाहता मूळ ठोकळा व त्याच्या प्रतिकृती यांत सुमारे शंभर वर्षांत ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडल्याचे आढळले. हा फरक म्हणजे बारीक मिठाच्या एका कणाएवढा! परंतु मापाचे मूळच ढळत असेल तर ते कोणते ढळले, ठोकळा की प्रतिकृती, हे सांगण्यास दुसरे साधन नव्हते.

यावरचा मार्ग ब्रिटनमधील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये सुचविला. त्यांच्या तराजूत काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात चुंबकाच्या क्षेत्रात लोंबणाऱ्या वेटोळ्यातून वीज सोडून वजन जागच्या जागी धरतात व प्रवाह मोजतात. दुसऱ्या टप्प्यात वजन उतरवून तेच वेटोळे अगदी सावकाश, सेकंदास मिलिमीटर-दोन मिलिमीटर वेगाने, त्या क्षेत्रातून नेतात. सायकलच्या डायनॅमोत वीज उत्पन्न होते तशी त्यात वीज उत्पन्न होते; तिचा दाब मोजतात. दोन्ही टप्पे एकत्र केले म्हणजे चुंबक किती जोरदार व तार किती लांब हे कळण्याची गरज उरत नाही. वेग व त्या ठिकाणचे गुरुत्वाकर्षण अचूक मोजले की वस्तुमान थेट विजेच्या मापांत मिळते, आणि ती मापे निसर्गातील एका न बदलणाऱ्या संख्येशी, प्लांकच्या स्थिरांकाशी, जोडता येतात.

येथेही सर्व भिस्त जागेवरच आहे. चुंबकाचा जोर सर्व ठिकाणी सारखा नसतो. म्हणून पहिल्या टप्प्यात वेटोळे ज्या बिंदूवर धरले होते, त्याच बिंदूवरून जाताना दुसऱ्या टप्प्यातील दाब घेतला पाहिजे. अन्यथा दोन टप्प्यांतील चुंबकाचा जोर एकच राहत नाही आणि तो हिशेबातून गळत नाही. यासाठी वेटोळ्याची जागा लेझरच्या प्रकाशलाटा मोजून ठरवितात. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापर्यंतचे सरकणे त्यात ओळखता येते. बोर्दाने वाळूच्या पारड्याला जे विचारले तेच येथे लेझरला विचारले जाते. वेटोळे पूर्वीच्याच जागी आहे काय?

अनेक राष्ट्रांच्या प्रयोगशाळांनी यावर दीर्घकाळ परिश्रम केले. किबल यांच्या प्रयोगशाळेतील एक यंत्र तर २००९ मध्ये कॅनडात नेण्यात आले व तेथे त्यावर पुढील काम झाले. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथील परिषदेत नवी व्याख्या संमत झाली आणि २० मे २०१९ पासून ती अमलात आली. किबल यांचे २०१६ मध्ये निधन झाले होते. तराजूला आता त्यांचेच नाव आहे. त्या दिवशी शेतकऱ्याच्या पोत्याच्या वजनात कणभरही फरक पडला नाही, कारण नवी व्याख्या जुन्या किलोग्रॅमशी तंतोतंत जुळवूनच केलेली होती.

दिल्लीपासून गावापर्यंत

राष्ट्रीय प्रयोगशाळेतील किलोग्रॅमवरून संदर्भ प्रमाणे पडताळली जातात, त्यांवरून राज्यांची दुय्यम प्रमाणे व त्यांवरून निरीक्षकांच्या हातातील कार्य प्रमाणे. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली गेली व ऑक्टोबर १९५८ पासून शेर, छटाक व तोळा यांची जागा किलोग्रॅम घेऊ लागला. आता २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. त्यान्वये लोखंडी वजने व दांडीचे तराजू यांची पडताळणी दर २४ महिन्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्यांची दर १२ महिन्यांनी होणे आवश्यक असते. पडताळणीचे प्रमाणपत्र काट्याच्या ठिकाणी सहज दिसेल असे लावलेले असावे. त्यावरील तारीख वाचण्याचा अधिकार प्रत्येक विक्रेत्यास आहे, आणि शंका आल्यास जिल्ह्यातील वैध मापन शास्त्र निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते.

गावपातळीवर काम करणाऱ्या सेवकांनी शेतकरी गटाकडून २० किलोंची दोन-तीन शिक्क्याची वजने विकत घेऊन ठेवविल्यास बोर्दाची युक्ती इलेक्ट्रॉनिक काट्यावरही चालते. तक्त्याच्या मध्यावर पोते ठेवून आकडा लिहून घ्यावा. पोते उतरवून त्याच जागी शिक्क्याची वजने रचावीत आणि शेवटचा थोडा फरक लहान वजनांनी भरून काढावा. आकडा पूर्वीचाच आला की रचलेल्या वजनांची बेरीज हेच पोत्याचे वजन; काटा कलता असो वा चुकीचा जुळविलेला असो, त्याने फरक पडत नाही. मात्र मधल्या वेळात काटा जागचा हलवू नये, शून्याची कळ दाबू नये, आणि स्थिरतेची खूण दिसेपर्यंत आकडा वाचू नये. भुईकाट्यावर हीच काळजी निराळ्या रीतीने घ्यावी लागते: वाहनाची सर्व चाके तक्त्यावर असावीत, इंजिन बंद असावे, चालक व हमाल भरल्या गाडीच्या वेळी खाली उतरले असतील तर रिकाम्या गाडीच्या वेळीही खालीच असावेत, आणि दोन्ही तोल एकाच काट्यावर, त्याच दिवशी व्हावेत.